कापणीला कुदळ कशाला?

आई, आज रोह्याला नव्या मुलींना शिकवत होते. कुठली माणसं कसा विचार करतात ते गावोगाव जाऊन विचारायचं आणि लिहून घ्यायचं, हे माझं काम. तुझ्या भाषेत, लोकांचं डोकं खायचं. सरावात एका म्हातारीचं उत्तर वाचून एक मुलगी फिदीफिदी हसली आणि मी तिच्यावर खेकसलेच.

गडब गावातलं आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी नोकरीत नवी, हातात कोरे फॉर्म, आणि पहिलं गिऱ्हाईक तू. तू बिरड्याचे वाल सोलत बसली आहेस आणि मी चार चित्रं मांडते: विळा, कोयता, कुदळ, भाताचा भारा. "यातलं वेगळं काय?" तू पदराला हात पुसून कुदळ बाजूला सारतेस. "कापणीला कुदळ कशाला गो?" मी म्हणते, "अगं, तीन हत्यारं आहेत, भारा वेगळा." तू हसतेस. "भारा काढलास त इळा काय चाटायचा?" आणि मी, मोठी शहाणी, म्हणाले, "राहू दे, तुला नाही कळायचं." तुझ्यादेखत फुली मारली. कारणाचा रकाना कोराच ठेवला. आता मीच शिकवते की असं उत्तर चूक नसतं. शाळेत शिकलेला माणूस वस्तूंचे गट पाडतो, शेतातला माणूस काम डोळ्यांपुढे आणतो. कारण विचारा, बोलतील तसंच्या तसं लिहा.

तू मात्र त्यानंतर मत देणंच सोडलंस. भाजी कुठली आणू, तरी "तुला कळतंय, तूच बघ." शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, नेमकं कुठे दुखतंय?" तू माझ्याकडे बघितलंस. "तिला इचारा. माझं चुकंल." मला तेव्हा हसू आलं गं. आता घरी एकटीच जेवते, आणि तुझं ते वाक्य घशाखाली उतरत नाही. मी दिवसभर परक्या बायकांना विचारत फिरते, "तुम्हाला काय वाटतं?" तुला विचारायचं राहूनच गेलं. हे लिहितेय, पण पाठवू कुठे?

त्या मुलीला ओरडल्यावर मी नेहमीसारखी तुझी गोष्ट सांगितली. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतली. एक सांगते, रागवू नकोस. गोष्टीत मी तुला "गडबची एक बाई" म्हणते. माझी आई म्हटलं, तर कुणीतरी विचारेल, "मग मॅडम, तुम्ही काय म्हणालात त्यांना?"