नावंच्या तोंडाखालचं जुनं डांबर

आबा, चार रात माझ्या डोळ्याला डोळा न्हाय. तुमची नाव पाण्यात सोडायची व्हती, आन् तुमचीच रीत, ज्यानं डांबर लावलं त्यानं आपलं धाकटं लेकरू पयलं नावंत बसवायचं. तुमी म्हणायचा, आपलं पोर बसलं की लोकं न इचारता बसत्यात. आवंदा डांबर म्या लावलं, आन् लेकरू माझी आठ म्हयन्याची पोर. तुमाला जाऊन बारा वर्सं झाली, पर सांगावं आसं दुसरं कुणी सुचंना. दुसरीपतूर शिकले, अक्षरं वाकडी हायती. तुमाला तर वाचताच येत नव्हतं, म्हून लाज वाटत न्हाय.

ल्हानपणीचं अजून डोळ्यापुढं हाय. उन्हाळ्यात भीमेचं पाणी उतरलं की तुमी नाव काठावर पालथी घालता. पेटलेली गवरी चिमट्यात धरून फळीजवळनं फिरवता. जुनं डांबर फुगतं, मऊ पडतं, मग मी आन् दादा मोडकी खुरपी घिऊन खरवडायला बसतो. जाळ लई जवळ गेला तर लाकूड करपतं, लांब ऱ्हायला तर डांबर जागचं हलत न्हाय. आई भाकरी घिऊन येती. तुमी काळ्या हातानंच तुकडा मोडता, तवा ती म्हणती, आता पोटालाबी डांबर लावा, म्हंजी गळायचं न्हाय. तुमी हासता, पर खुरप्यावरची नजर काढत न्हाय. "लाकडाचा रंग दिसला पायजे. काळ्यावर काळं लावलं तर माणूस फसंल, पाणी न्हाय फसायचं."

आवंदा ह्ये म्हणत व्हते, वरनंच हात मार, कोण बघतंय. म्या ऐकलं न्हाय. बाभळीला झोळी बांधली, पोरीला तिच्यात घातलं आन् सात दिस एकटी खरवडत बसले. आबा, खोटं कशाला बोलू, लई बरं वाटायचं. काळ्याखालनं तांबूस लाकूड निघालं की तुमी जवळ बसल्यागत वाटायचं. शेवटच्या दिशी पोर रडून रडून निळी पडली. नावंच्या तोंडाखाली हातभर जागा ऱ्हायली व्हती. म्या त्या जागंवर तसंच डांबर फासलं आन् पोरीला पाजायला घेतलं.

तितनं झोप गेली. दोन दिस गप ऱ्हायले, तिसऱ्या दिशी ह्यांना सांगितलं. ह्ये चिडले, उद्या इंदापूरचा बाजार, माणसं खोळंबतील म्हणाले. मग झोळीकडं बघितलं आन् सोताच गवऱ्या पेटवल्या. जुनं निघालं तर आत लाकूड भिजल्या भाकरीगत मऊ. ह्यांचं बोट नखापतूर आत गेलं. बोट धोतराला पुसलं. मग म्हणाले, "हिच्यावर बसवणार व्हतीस व्हय गं पोरीला?"

"म्हून तर सांगितलं," म्या म्हणाले.

तेवढी फळी कापून नवी घातली, सांध्यात कापूस आन् राळ ठासली, बाजार बुडाला. तरीबी काल रातच्याला जीव टांगलेलाच व्हता. आज सकाळी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, पोरीला बसवलं. ती खोबऱ्याचा तुकडा चोखत पाण्याकडं बघत बसली. पल्याड जाऊन आलो, आत एक थेंब न्हाय. काठावरली एक म्हातारी काय न इचारता गाठोडं घिऊन चढली. आता दुपार हाय, पोर झोपलीया, मला झोप यायला लागलीया.

पर एक ऱ्हायलं. ज्या साली भर नदीत नाव गळली आन् लोकांची बाजरी भिजली, तुमी इचारलं, तोंडाखाली कुणाचा हात व्हता. दादानं माझ्याकडं बघितलं आन् "माझा" म्हणाला. तुमी त्याला मारलं, आन् पुन्यांदा कवा नावंला हात लावू दिला न्हाय. ती जागा माझी व्हती, आबा. दादा आता कळंबाकडं कारखान्यावर ऊस उतरवतो. नाव त्याची, पर माझ्या दाल्ल्याच्या हातात हाय. पोरीला गूळ धाडतो, कवा काय म्हणला न्हाय.

ह्यो कागद पेटीत तळाला ठेवते. कुणाच्या हाती लागलाच तर माझ्या भावाला तेवढा निरोप द्या, म्हणावं ती जागा तिची व्हती. माझ्या तोंडनं अजून निघंना.