पावाचा वास

६ फेब्रुवारी
मेरले टेबलाखालून बाहेर आलीच नाही. मला फक्त तिचे मोजे दिसले – एक लाल, एक करडा. अडीच वर्षांची आहे. आईच्या घरी तिच्या वाट्याला काय काय आलं ते बालकल्याण कार्यालयातल्या योस्टसाहेबांनी सांगितलंय. इथे लिहिणार नाही.

सध्या ती ब्रिंकमनबाईंकडे आहे. कायमचं घर मिळेपर्यंत त्या अशी मुलं सांभाळतात. ते घर माझं असावं म्हणून किती दिवस त्या कार्यालयात खेटे घालतेय मी! अर्ध्या तासात बाई म्हणाल्या, "आता निघा. गुरुवारी या."

"मी रोज येऊ शकते. रजा टाकलीय."

"नको. थोडं यायचं, मग जायचं. मधे तिला श्वास घेऊ द्या."

सायकलवरून घरी येईपर्यंत चरफडत होते.

९ फेब्रुवारी
निळा ब्लाउज आणि बहिणीने दिलेलं लॅव्हेंडरचं अत्तर. कामावर, प्रयोगशाळेत, अत्तर बंद, सुगंधी साबण बंद, डब्यात लसूण बंद. फळमाश्यांना वास शिकवायचे तर माणसाला स्वतःचा वास नको. मग भेटीच्या दिवशी तरी नटावं की नाही?

मेरले टेबलाखाली.

१३ फेब्रुवारी
रजा रद्द केली. घरात भिंती बघत बसण्यापेक्षा माश्या बऱ्या. शेजारच्या टेबलावरचा हिन्नेर्क म्हणाला, "ये बाई, तुझ्या पोरी खोळंबल्यात."

केळ्यावर घोंघावतात त्याच या. मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा. तांबड्या दिव्याखाली आम्ही त्यांना दोन वास देतो. एकाबरोबर विजेचा हलका चटका, दुसऱ्याबरोबर काहीच नाही. धडे लागोपाठ दिले तर भीती शिकतात आणि लवकरच विसरतात. पण दोन धड्यांच्या मधे विसावा दिला, की मेंदूत नवं बांधकाम सुरू होतं. पेशींमधले काही धागे सैल होतात, काही घट्ट, आणि आठवण टिकते. शिवाय आणखी एक होतं – त्याच्यापायी तर मी या कामाला चिकटले! त्या आपणहून दुसऱ्या वासाकडे जायला लागतात. ज्या वासाबरोबर कधीच काही वाईट झालं नाही, त्याच्याकडे.

इथे धोका नाही, हे कळायला भीतीपेक्षा जास्त वेळ लागतो. विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते मी हे. आणि मला मात्र ते ब्रिंकमनबाईंकडून ऐकावं लागलं.

२ मार्च
आज गुलाबाचा साबण. मेरलेने एक मोजा काढून माझ्या दिशेने फेकला. याला प्रगती म्हणायचं का?

७ मार्च
योस्टसाहेबांनी बोलावलं होतं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "तुम्ही असताना ती रडत नाही, हे चांगलंच. पण तुम्ही गेल्यावर एकदाही विचारत नाही. तुम्ही आलात काय, गेलात काय, तिला सारखंच. महिनाअखेरीला बैठक आहे. तोवर असंच राहिलं तर दुसरं कुटुंब बघावं लागेल."

मी हसून 'बरोबर आहे' म्हटलं. मग त्यांच्या संडासात जाऊन रडले.

८ मार्च
हिन्नेर्कला सगळं सांगितलं. तो नळीतल्या माश्या मोजत होता.

"जाताना अंगाला काय लावून जातेस?"

"लॅव्हेंडर. मग गुलाब. सोमवारी ते लिंबाचं काहीतरी."

त्याने नळी खाली ठेवली. "अलमुट, दर धड्याला वास बदलणाऱ्या विद्यार्थ्याला तू काय केलं असतंस?"

"हाकलला असता."

दोघंही खूप हसलो. मग माझं हसू गेलं. सगळं आयुष्य यात घालवलं आणि तिच्याकडे दर वेळी एक नवीच बाई पाठवत होते मी!

९ मार्च
कामावरून तशीच गेले. आज माश्यांचं खाणं शिजवायची माझी पाळी होती – मक्याचं पीठ, काकवी, यीस्ट. अंगावर तोच जुना करडा स्वेटर.

टेबलाखालून आवाज आला, "शी."

मग नाक बाहेर आलं. "पाव," मेरले म्हणाली.

ब्रिंकमनबाईंनी हुंगून पाहिलं. "खरंच की हो! भट्टीतून काढल्यासारख्या आलायत."

मी तिला बोलावलं नाही, खेळणं पुढे केलं नाही. खाली जमिनीवर, टेबलाला पाठ लावून बसले आणि बाईंचे बटाटे सोलून दिले. अर्ध्या तासाने उठले.

१६ मार्च
स्वेटर धुतलेला नाही. बसमध्ये एकजण उठून दुसरीकडे बसला. बसू दे.

मेरले माझ्या शेजारी येऊन बसली. स्वेटरची बटणं एकेक करून तपासली. निघाले तेव्हा मान वर करून पाहिलं मात्र नाही.

२३ मार्च
आज ती माझ्या दंडाला टेकली. थोडाच वेळ. मी हललेसुद्धा नाही, हात बधिर झाला तरी. किती हलकी आहे ही पोर. इतकं प्रेम आपल्यात कुठे होतं, मला माहीतच नव्हतं.

दारात ब्रिंकमनबाई म्हणाल्या, "खोटं नाही सांगणार. तुम्ही गेल्यावर तुमचं नाव काढत नाही ती. योस्टसाहेबांनी विचारलं तर तेच सांगावं लागेल मला."

प्रयोगशाळेत परत. सूक्ष्मदर्शकाखाली एका माशीच्या मेंदूत तो दुसरा, बिनचटक्याचा वास दिला की आता निराळाच उजेड दिसतो. हिन्नेर्क म्हणाला, "बघ, आत बदललंय. पण परीक्षा घेईपर्यंत बाहेरून पत्ता लागतो का?" माझी समजूत घालत होता, कळलं मला.

२८ मार्च
परवा बैठक. मेरलेसाठी आणलेल्या छोट्या पलंगावर चादर घातली, मग काढली, मग पुन्हा घातली.

२९ मार्च
ब्रिंकमनबाईंचा फोन. बाजारातून येताना कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी मेरले थबकली. हात सोडवून आत पळाली. सगळ्या टेबलांखाली वाकून वाकून बघितलं, आणि मग भोकाड पसरलं. "नाहीये, ती इथे नाहीये" – एवढंच म्हणत होती. अजून रडतेय. बाई म्हणाल्या, "आज भेटीचा दिवस नाही. पण या."