तळ्यावरचं झेंडावंदन

१६ ऑगस्ट, सकाळी साडेसात

नाना,
तुम्ही न सांगताच फिरायला गेलात, म्हणून लिहून ठेवते. मी एस-बान लोकलने हॉस्पिटलला निघाले आहे. अन्वीचा श्वास आता बरा आहे, पण आजचा दिवस तिला ठेवून घेणार आहेत. कपिल तिच्याजवळच आहे. ओट्यावर उपमा झाकून ठेवलाय. खाल्ल्यावर बीपीची गोळी घ्या.

कपिल काल जे बोलला ते मनाला लावून घेऊ नका. काठावर इथल्या भारतीयांचं जन गण मन सुरू झालं आणि तुम्ही नावेत उठून उभे राहिलात. तीस वर्षं शाळेत झेंडावंदन घेतलेला माणूस बसून कसा राहील? तुमचं बघून अन्वी उठली आणि नाव कलंडली. पण तिच्या लाइफ जॅकेटचे पट्टे मी सोडले होते, फोटोत तिरंग्याचा टी-शर्ट दिसावा म्हणून. कपिलला हे माहीत नाही. आज सांगणार आहे.

काल घरी आल्यापासून तुम्ही खिडकीशी उभेच होतात, ताटावरही बसला नाहीत. मघाशी अन्वीने फोनवर जर्मनमध्ये एवढंच विचारलं, आजोबा खाली बसले का? मी हो म्हणून सांगितलंय.

तेव्हा बसून खा.

स्वरूपा