कोरडा स्वेटर

८ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

काल आपल्या दादूला तुझ्या लेकाने काढलेला सिनेमा दाखवला. पडद्यावरच्या भोळ्या मामाचा निळा स्वेटर, तिरकी मान पाहून दादू साऱ्या थेटराला ऐकू जाईल असं सांगत होता की ताई, हा मीच. शेवटी तो मामा भाचीला नदीतून वाचवतो आणि स्वतः बुडतो. लोक रडले.

घरी आल्यावर दादू जेवेना. रागावले, तर म्हणाला की मी गेलो ना. आज सकाळी स्वतःचा तसलाच निळा स्वेटर घडी करून माझ्या उशाशी ठेवलाय. आपल्याच भावाची भीती वाटते गं. शाळेतल्या सिस्टर त्याला देवदूत म्हणायच्या, तेव्हा आई म्हणायची की देवदूताने आज दोन काचा फोडल्या. साठीतही तो साखर चोरतो, शेजारच्या मांजरीशी भांडतो. असली माणसं मेल्याशिवाय सिनेमावाल्यांना गोड लागत नाहीत का, विचार लेकाला.

तुझीच,
ताई

१३ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

लेकाला पत्र वाचून दाखवलं. आधी शहाणपणा करत म्हणाला की मामा जगला असता, तर प्रेक्षक घरी काय घेऊन गेले असते? मी म्हटलं, मामाला. मग त्याचं तोंड उतरलं. रविवारी तो त्या नटालाच घेऊन येतोय, तोच स्वेटर घालून. जिवंत माणूस दिसला की दादूला पटेल. तोवर त्याला चार घास भरव. साखरेचा डबा उघडाच ठेव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटी

२० जानेवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

नट येऊन गेला. पोरगा सालस आहे. दारात त्याने सवयीने मान तिरकी केली. दादूने त्याचा स्वेटर चाचपला. कोरडा. मग आत जाऊन स्वतःचा आणला, तोही चाचपला. कोरडाच. म्हणाला की हाही नाही गेला, मीही नाही. आणि दोघं जेवायला बसले. तुझा लेक मात्र ताटावरून उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

आता दादू जेवतो, मांजरीशी भांडतो. पण स्वेटर अंगात घालत नाही. थंडीने कुडकुडतो, तरी खुर्चीच्या पाठीवर ठेवतो. विचारलं, तर म्हणतो की तो तिसरा, सिनेमातला, अजून पाण्यात आहे, भिजून येईल. रोज त्याच्यासाठी ताट मांडायला लावतो.

काल दादूने सांगायच्या आधीच मी ते ताट वाढून ठेवलं होतं.

आमच्यावर जीव असू दे.
ताई