बर्फ पडायच्या आधीची गोष्ट

९ जून
वर्षातून दोनदा लष्करी तळाचं फाटक आपल्या जमातीसाठी उघडतं. आज उघडलं. पास, सह्या, न फुटलेल्या बॉम्बांवरचं तेच भाषण, मग बस. ब्यूला मावशी शहाऐंशीची, पण सगळ्यांच्या आधी तीच चढून बसली.

गरम झऱ्यावर वाफ तशीच. मावशीने पाण्याला आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग आजीचं, मग माझं. मी पाय सोडून बसले. डोळे मिटले की पाण्याखाली बायका बोलताहेत असं वाटतं – अगदी हळू, घरात कोणीतरी निजलंय अशा बेताने. वरून विमान गेलं तरी त्यांचं चालूच होतं. उठावंसंच वाटेना.

येताना काळ्या खडकापाशी मावशीने डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर घेतला. खडक मागे पडल्यावर पुन्हा बांधला. दर वेळी करते. उकडत असेल.

१७ जून
हॅडलीबाई जमातीच्या ऑफिसात आल्या. तळावरच्या जुन्या खुणा, थडगी वगैरे सांभाळायचं त्यांच्याकडे असतं. लष्कराचा पगार घेतात, पण मनाने आपल्या. आज तोंड उतरलेलं. रणगाड्यांचा नवा रस्ता नकाशावर थेट झऱ्याच्या अंगावरून काढलाय!

एकच उपाय आहे म्हणाल्या. वारसा जपण्यासाठी लष्कराचा जो निधी असतो, त्यात झरा बसवायचा. म्हणजे कुंपण होईल आणि रस्ता वळवावा लागेल.
"पण डोरीन, वॉशिंग्टनवाल्यांना नुसतं 'पवित्र' म्हणून भागत नाही. तिथे काय झालं, का जपायचं, ते लिहून द्या. गोष्ट द्या. एकतीस ऑगस्टच्या आत."

गोष्ट. ऑगस्टच्या आत! मी मान डोलावली.

१८ जून
मावशी अंगणात चिलगोजे फोडत होती.
"मावशी, झऱ्याची गोष्ट सांग ना."
"डोंगरावर बर्फ दिसतंय का तुला?"
"रस्ता येतोय गं."
"रस्ता येतोय म्हणून साप झोपलेत का?"

उन्हाळ्यात गोष्ट सांगितली की साप ऐकायला येतात. हे मला काय नवीन आहे? पण अर्जात हे कुठल्या रकान्यात लिहू?

५ जुलै
मुदत वाढवून मागितली. नाही. लष्कराचं पैशांचं वर्ष सप्टेंबरात संपतं आणि बर्फ नोव्हेंबरात पडतं. मध्ये लटकलोय आम्ही.

२२ जुलै
दुपारी खुर्चीतच डोळा लागला. मी पाच-सहा वर्षांची. सशाच्या कातड्यांचं पांघरूण, त्याचा तो वास. शेगडी. आजी एक ओळ म्हणते, मी तीच ओळ परत म्हणते. तशीच चालते आपल्याकडे गोष्ट. ऐकणाऱ्याने ओळ परत दिली नाही की सांगणारा तिथेच थांबतो. घरात मूल मी एकटीच, आणि मी तर काय, गोष्ट अर्ध्यावर आली की ढाराढूर! दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा पहिल्यापासून. स्वप्नात गोष्टीतली पाणबाई केस सोडून वाफेतून येत होती, पाठीवर लेकरू बांधलेलं. पुढे काय ते दिसायच्या आत जाग आली. मान अवघडली.

११ ऑगस्ट
"मावशी, सगळी नको. नुसता शेवट सांग."
"शेवट तर मुळीच नाही." मग मऊ आवाजात, "एवढी कसली घाई झालीय तुला? बर्फ पडायचं थोडंच राहणार आहे?"
मला रडूच आलं. तिला कळलं नाही. किंवा कळलं असेल.

२९ ऑगस्ट
लिहिली.

खिडक्या बंद केल्या, दाराच्या फटीला टॉवेल लावला. सापांपासून लपून सरकारी कागद लिहिणारी बाई! हसू आलं, पण टॉवेल काढला नाही. लिहायला लागले आणि आजीचा आवाज आपोआप येत गेला, एकेक ओळ. वाफ, पाणबाई, पाठीवरचं लेकरू. मग आवाज थांबला. शेवट आठवेना – म्हणजे मी तो ऐकलेलाच नाही. पाणबाई झऱ्यातच राहिली असणार, दुसरं काय? पाण्यातून आवाज येतात की अजून. तसंच लिहिलं. छान उतरलं, माझ्याच अंगावर काटा आला.

शेवटच्या पानावर प्रश्न होता, रस्ता दुसरीकडून कुठून न्यावा. लिहिलं – उत्तरेकडून, काळ्या खडकाच्या पायथ्याने. तिथे काही नाही.

३० ऑगस्ट
पायरीवर साप. लहानसा. फावड्यावर घेऊन झुडपात सोडला. कोणाला बोलले नाही.

२६ सप्टेंबर
मंजूर! हॅडलीबाई फोनवर अक्षरशः रडल्या. म्हणाल्या, निधीच्या समितीने गोष्ट मोठ्याने वाचली.

मावशीला सांगायला गेले. तिने माझा हात हातात घेतला.
"काय दिलंस त्यांना?"
"कागद."
"आणि रस्ता?"
"गेला लांबून."
"बरं झालं," म्हणाली, आणि मला तळलेली भाकरी वाढली. बर्फ पडलं की सगळं कबूल करीन.

२० ऑक्टोबर
पुन्हा फाटक उघडलं. मावशीचा गुडघा धरलाय, म्हणून मी एकटीच. कुंपण देखणं झालंय. काळ्या खडकाकडे यंत्रं लागलीत. पायथा पार उकरलाय, धुळीचा लोट झऱ्यापर्यंत येत होता.

नावं सांगितली, डोळे मिटले. आज बायका बोलल्या नाहीत. यंत्रांच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

१४ नोव्हेंबर
डोंगर पांढरा झाला. मावशीचा फोन – "ये. झोपणार नसशील तर ये."

दिवेलागणीला बसलो. कबुली नंतर देईन म्हटलं. ती एक ओळ, मी तीच ओळ. आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत जागी राहिले. पाण्याच्या आवाजाने लेकरू झोपेना. म्हणून पाणबाई झऱ्यातून उठली, उत्तरेला चालत गेली आणि काळ्या खडकाच्या पायथ्याशी तिने त्याला मातीत निजवलं. ते अजून तिथेच निजलंय. म्हणून तिथून जाताना डोकं उघडं करायचं आणि बोलायचं नाही.

मावशी थांबली, माझ्या ओळीसाठी. ते अजून तिथेच निजलंय, मी म्हटलं.