सिनेमातली लुआ

बेन त्रे, बुधवार

दिएप पोरी,

आशीर्वाद. मी बरी आहे. पाठ दुखते, पण नारळ काही पाठीला विचारून सोलायचे नसतात. फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून लिहिते.

तुझा सिनेमा पाहिला. देवळापुढे पडदा लावला होता, सगळं गाव आलं. म्हणाले, लुआ, ही तूच. ती बाई पांढरं रेशीम नेसून नारळ सोलते. नारळाचा डाग कधी धुतला असतास तर असं दाखवलं नसतंस. नवरा दुसऱ्या बाईकडे जातो, ही खिडकीत बसून गपगुमान रडते. मी कधी बसले गं खिडकीत? मी तुझ्या बापाचे कपडे कालव्यात फेकले, तू काठावर उभी राहून हसत होतीस. तुझं म्हणणं, पडद्यावर सोसणारी बाईच शोभते. असेल. तुम्ही शिकलेली माणसं.

शेवटी तो म्हातारा होऊन येतो, ती दार उघडते, भात वाढते. बायका रडल्या. मी उठून घरी आले.

आता जे सांगायचं ते. आजीच्या श्राद्धाला तुझा बाप आला. आईला उदबत्ती लावायला आलेल्या मुलाला दारात कसं अडवू? इतकी वर्षं ते श्राद्ध मीच घातलं. त्यानं उदबत्ती लावली, जेवला, आणि उठेचना. झोपायला चटई मागितली. शेजारची न्हान म्हणाली, घे की घरात, सिनेमात घेतलंसच. थोरल्या काकांनीही तोच सूर धरला.

मग तोच म्हणाला, "लुआ, त्यात तर तू दार उघडलंस."

मी म्हटलं, "मग तिच्याकडे जा. तिचा पत्ता पोरीकडे आहे."

न्हान हसली. काका ताटावरून उठले, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

हा अजून ओसरीवर खोकतोय. मी थकले, पोरी. रागवायचंही बळ उरलं नाही, त्याचीच भीती वाटते. एखाद्या सकाळी नुसत्या थकव्यानं त्याला घरात घेईन, आणि गाव म्हणेल, बघा, सिनेमातलं खरंच निघालं.

म्हणून शनिवारच्या पहिल्या बसनं त्याला सायगॉनला बसवून देते. स्टँडवर जा. तुझ्या सिनेमानं बोलावलाय, तूच सांभाळ. खोकल्याचं औषध पिशवीत आहे. तो विचारेल, लुआ बोलावेल का परत. सांग, नाही. माझ्या तोंडचा हा एक शब्द तरी जसाच्या तसा सांग.

तुझी आई,
लुआ