न बोलण्याची नोकरी

६ जानेवारी, सोमवार

मिळाली! आणि काम काय, तर गप्प बसायचं!

सर्दी-खोकल्याची तपासणी घरच्या घरी करता यावी म्हणून एक पेटी आली आहे. नाकात काडी फिरवायची, द्रावणात बुडवायची, पट्टीवर थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटांनी रेघा बघायच्या. एक रेघ – काही नाही. दोन – लागण. नुसती चित्रं बघून साध्या माणसाला हे जमतं का, आणि पट्टी खरं बोलते का, याचा अभ्यास उमरग्यात चालू झाला आहे. माणूस काय करतो ते मी समोर बसून लिहायचं. मदत करायची नाही. मान हलवायची नाही. "चुकलं तर चुकू दे," असं शिवरंजनी मॅडम म्हणाल्या. त्याच या अभ्यासाच्या डॉक्टर. "तुझा चेहरासुद्धा बोलता कामा नये."

माझा चेहरा! कुणाच्या शर्टाचं बटण एक घर चुकलं तरी माझा जीव खाली-वर होतो.

माझं झालं की नर्स आत जाते आणि लॅबसाठी दुसरी काडी फिरवते. पट्टीवर काय आलं ते तिला कळू द्यायचं नाही. एकानं दुसऱ्याला विचारून उत्तर लिहिलं तर परीक्षा कसली!

माझ्या जोडीची नर्स झरीन. धाराशिवची आहे, इथं खालाकडं, म्हणजे मावशीकडं, राहते. ऑटोत एका कडेला ती, एका कडेला मी, मध्ये बर्फाची पेटी.

९ जानेवारी, गुरुवार

किराणावाले कल्याणप्पा यांनी काडी आधी कानात घातली. मी मांडीला चिमटा काढून बसलो.

"का ओ, बरोबर हाय का?"

मी छताकडं बघितलं.

"सरकारी मानूस दिसतोय," ते बायकोला म्हणाले. "विचारलेलं काय बी सांगत न्हाय."

मांडी काळीनिळी झाली आहे.

११ जानेवारी, शनिवार

झरीनचं दिवसभर एकच – पाणी घ्या साजिदभाई. उतरा साजिदभाई. पेटी सांभाळा साजिदभाई.

भाई! या अल्लाह!

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पण खोकला सुट्टी घेत नाही.

लक्ष्मम्मा आजी. ऐंशीच्या पुढच्या, कपाळभर विभूती. सून उमादेवी आत गुळाच्या पोळ्या लाटत होती. संमती वगैरे झरीन आधीच घेते, मी नंतर नुसता जाऊन बसतो. आजींनी पट्टी बाहेर काढली, उलटसुलट बघितली आणि थेट देवापुढं नेली! "नवी वस्तू हाय," म्हणाल्या. तीन बोटं विभूतीत बुडवली आणि पट्टीवर तीन आडव्या रेघा ओढल्या. जिथं लाल रेघ उगवायची, बरोबर तिथंच!

"आजी, नको!" अगदी दातांपर्यंत आलं होतं. गिळलं.

पुढचं सगळं त्यांनी चित्राबरहुकूम केलं. काडी दोन्ही नाकपुड्यांत, थेंब नेमके भोकात. मग हात जोडून बसल्या. पंधरा मिनिटं आम्ही दोघं त्या राखेकडं बघत होतो. शेवटी राखेखालून दिसलं. एक की दोन, ते मी इथंही लिहिणार नाही. वही कुणाच्या हाती लागली तर?

मध्ये आजींनी विचारलं, "नाव काय रं बाळा?" मी गप्प. "गाव?" गप्प. त्यांचा चेहराच उतरला. सुनेला कानडीत काहीतरी म्हणाल्या, मग मराठीत – "एवढं देखणं लेकरू, आन् वाचा न्हाय गं त्याला!"

निघताना हातावर तिळगूळ ठेवला. "घे बाळा, गोड..." एवढं म्हणून थांबल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

माझं काम संपलं होतं. आता बोलता आलं असतं. पण दारात झरीन उभी होती. ती अगदी गंभीर तोंड करून म्हणाली, "व्हय आजी. जन्मापासनं."

आता तिला खोटं पाडू?

ऑटोत ती बर्फाच्या पेटीवर डोकं ठेवून हसली. मीही हसलो, पण मला त्या तीन रेघा आठवत होत्या. जास्तीत जास्त दोन रेघा येणाऱ्या पट्टीवर तीन रेघा!

"तुम्ही कशाला हसताय साजिदभाई?"

"सांगता येत नाही."

"कधी सांगणार?"

"अभ्यास संपल्यावर."

"तोवर मी इथं असले तर!"

हसू तिथंच थांबलं. मार्चमध्ये अभ्यास संपतो. ती धाराशिवला जाईल आणि मी पुन्हा मामूच्या टायरच्या दुकानात. त्याआधी तिला विचारायला पाहिजे. आणि मला तर ऑटोवाल्याकडं सुटे मागायचे तरी मनात आधी वाक्य जुळवावं लागतं.

१६ जानेवारी, गुरुवार

हसून हसून पोट दुखतंय. नीट क्रमानं लिहितो.

दोन दिवसांनी दुसरी पट्टी करायची असते, म्हणून पुन्हा लक्ष्मम्मा आजी. या वेळी विभूती खोक्याला लावली, पट्टीला नाही. हुश्श! पंधरा मिनिटं झाली, मी लिहून घेतलं, उठलो आणि आजी नेमक्या स्टुलाला धडकायला निघाल्या. तोंडातून गेलंच – "आजी, सांभाळा!"

आजी स्टूल विसरून माझ्याकडं वळल्या.

मग आजी ओरडल्या, "उमाऽऽ! बोललं गं! लेकरू बोललं!"

त्यांनी माझ्या वाचेसाठी महादेवाला नवस केला होता! नारळाचं तोरण! गल्ली गोळा झाली. शेजारचे शांतलिंग मास्तर चष्मा पुसत आले. "अजून काय तरी बोल की," असं सगळेच म्हणायला लागले. मी म्हणालो, "पंधरा मिनिटं झाली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या!

"आजी, मी मुका नाही हो. कामाचा नियम आहे, म्हणून बोललो नाही."

"असू दे, असू दे. पदरात पडल्यावर देवाला कोन इचारतंय," आजींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. "वाचा आली, आता लगीन बी होतंय बघ."

झरीन पायरीवर बसली होती. ओढणीचा बोळा तोंडात आणि डोळ्यांतून पाणी. तिला आत जाऊन काडी घ्यायची होती, पण हसू आवरेपर्यंत थांबावं लागलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज ती म्हणाली, "साजिद, ती पेटी द्या." भाई नाही! घाईत राहिलं असेल.

१८ जानेवारी, शनिवार

आजही राहिलं. आज घाई नव्हती!!

२० जानेवारी, सोमवार

अम्मी भाकरी थापता थापता म्हणाली, "कौन है रे ये झरीन? हर बात में उसका नाम आरा."

"नर्स है."

"नर्स है सो मालूम. किसकी बेटी?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. मोहल्ला सांगितला. मशिदीच्या कुठल्या बाजूला घर, तेही सांगितलं. मग लक्षात आलं, एवढं तिनं विचारलंच नव्हतं.

२३ जानेवारी, गुरुवार

अम्मी एस.टी.नं धाराशिवला जाऊन आली. गुडघा दाखवायला म्हणे. उमरग्यात दवाखाने काय कमी आहेत? आली ती गुणगुणतच. जिना भराभर चढली. चांगला डॉक्टर दिसतोय.

२७ जानेवारी, सोमवार

झरीननं जोडी बदलून मागितली. स्वतःहून.

आज ऑटोत माझ्याशेजारी दुसऱ्या जोडीचा नर्स नंदीश. चांगला मुलगा आहे. सारखा पाय हलवतो.

माझं काय चुकलं? जास्त हसलो? टक लावून बघत होतो का? "ऐका ना" म्हणालो होतो शनिवारी, नुसतं ऐका ना, पुढचं वाक्य जुळलंच नाही. तेवढ्यानं? मॅडमना विचारलं, "माझी काही तक्रार आहे का?" त्या फाइलमागं तोंड लपवून म्हणाल्या, "तिलाच विचार."

म्हणजे तक्रार आहे.

जेवलो नाही. अम्मीनं एकदासुद्धा आग्रह केला नाही. उलट माझ्याकडं बघून हसली.

२८ जानेवारी, मंगळवार

दुपारी ऑटो स्टँडवर तिला गाठलं आणि एका दमात विचारलं, "माझ्याबरोबर काम का नको?"

"नियम वाचले न्हाईत का? नात्यातली दोघं एका जोडीत चालत न्हाईत."

"पण आपण कुठं नात्यात?"

कामावर आम्ही मराठीतच बोलतो. तिनं ओढणी तोंडापुढं धरली आणि घरच्या बोलीत म्हणाली, "अम्मी कू पूछो ना."

पळत घरी आलो. अम्मी झोपली आहे. उठवू का?